पाचवा बार

विहीर खोदणाऱ्या टोळीचा मुकादम व्हायला काय लागतं, असं विचारलं तर आमचे आजोबा बब्रुवान म्हणायचे, खडक ओळखता आला पाहिजे, बारूद ठासता आली पाहिजे आणि माणसं सांभाळता आली पाहिजेत. महालिंगप्पांना यातलं पहिलं बरं जमायचं, दुसरं बेताचं, आणि तिसरं तर मी कुणालाच नीट जमलेलं पाहिलेलं नाही. तरी त्यांच्यासारखा मुकादम बेंबळीच्या आसपास झाला नाही, असं सगळे मानत. का मानत, ते मी सांगते. ऐकून बरं वाटणार नाही.

तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य होतं. सेहेचाळीस-सत्तेचाळीसचा सुमार असेल. पावसाळ्यात टोळीतली माणसं आपापल्या नाहीतर दुसऱ्याच्या शेतात राबायची आणि रब्बीची खळी उरकली की पहारी खांद्यावर टाकून विहिरींच्या कामाला निघायची. वरची माती आणि मुरूम कुणीही काढेल. खाली काळा खडक लागला की या टोळीला बोलावणं यायचं. पहारीनं खडकाला भोकं पाडायची, त्यात बारूद ठासायची, वात लावायची आणि वर पळायचं. एकेक भोक उडालं की त्याला एक बार झाला म्हणत. बारूद बाळगायला सरकारी परवाना लागे आणि तो मुकादमाच्या नावावर असे. म्हणून टोळीला मुकादम हवाच.

आधीचे मुकादम शरणबसप्पा दिवसभर ओरडत असायचे. सगळ्यांचा त्यांच्यावर जीव होता आणि त्यांचं कुणी ऐकत नसे. ओरडणाऱ्या माणसाची सवय होते, तसं झालं होतं. पुढं त्यांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न पडायला हवा होता. पण पडला नाही, कारण तोवर टोळी न ठरवताच महालिंगप्पांच्या तोंडाकडं बघायला लागली होती.

महालिंगप्पा आणि सोमलिंग हे दोघे भाऊ. थोरल्याची बायको बाळंतपणात गेली, त्यांनी दुसरी केली नाही. धाकट्याची बायको महादेवी दोघांना करून घालायची. तिचं माहेर नळदुर्गाच्या पलीकडं, त्यामुळं घरात निम्मं कानडी बोलणं चालायचं. त्या काळच्या रीतीप्रमाणं ती थोरल्या दिरासमोर उभी राहत नसे. ताट वाढून दाराआड जायची आणि काही सांगायचं असेल तर दाराआडूनच सांगायची. महालिंगप्पांच्या मनातलं जे काही मी इथं लिहिते आहे, ते त्यांनी पुढं म्हातारपणी तिलाच सांगितलं. तिनं मला सांगितलं. आमच्या आजोबांनी त्यातलं काही सांगितलं नाही, आणि त्यासाठी माझा अजून त्यांच्यावर राग आहे.

झालं होतं असं की महालिंगप्पांचे कान गेले होते. आयुष्य बारांच्या आवाजात काढलेलं. आधी नुसती शिट्टी वाजायची, मग डावा कान गेला, मग उजवा. एका सकाळी विहिरीवरचं चाक फिरताना दिसत होतं आणि त्याची कुरकुर येत नव्हती, तेव्हा त्यांना कळून चुकलं. त्यांची पाचावर धारण बसली. विहिरीच्या तळाशी काम करणारा माणूस वरच्या हाकेवर जगतो. 'सरक' म्हटलं की सरकायचं, नाहीतर दगड डोक्यात. बहिऱ्याला कोण खाली उतरवणार? आणि टोळीतून काढलं, तर बरड रानाच्या त्या तुकड्यावर तिघांचं पोट कसं भरणार? त्यांनी ठरवलं, कुणाला कळू द्यायचं नाही. सख्ख्या भावालाही नाही.

लपवायचं तर काय करावं लागतं, ते ते करायला लागले. बोलणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणून ते नेहमी भिंतीला पाठ लावून बसत. मग झालं असं, की बाकीचे आपोआप त्यांच्यापुढं अर्धगोल करून बसायला लागले. दोघं एकदम बोलले तर ओठ कळत नसत, म्हणून ते हात वर करून एकाला थांबवत. लोकांना वाटलं, हा माणूस प्रत्येकाचं नीट ऐकून घेतो. समजायला वेळ लागे, म्हणून उत्तर उशिरा देत, आणि अंदाज चुकू नये म्हणून थोडक्यात देत. 'बघू.' 'नको.' 'उद्या.' त्या उशिरामुळं समोरचा चपापायचा. तो आपणच आपलं बोलणं मागं घ्यायचा.

सुरुवातीला ही नुसती भीती होती. पण महालिंगप्पा मूर्ख नव्हते. आपल्या गप्प बसण्याचं वजन पडतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि मग त्यांनी ते हत्यार हातात घेतलं. माणसाकडं नुसतं बघत राहिलं की तो मनातलं ओकून टाकतो, हे त्यांना कळलं. सगळ्यांची भाकर सुटल्यावर आपली सोडायची, म्हणजे लोक आपल्या जेवणाकडं बघतात, हेही कळलं. एखाद्यानं चूक केली तर त्याला काही बोलायचं नाही, दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी बसून त्याच्या आईची तब्येत विचारायची. तो माणूस जन्माचा मिंधा होतो. चालताना पुढं राहायचं आणि मागं वळून बघायचं नाही. वळून बघणाऱ्याच्या मागं कुणी येत नाही. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कान गेले आणि डोळ्यांनी माणसं वाचता वाचता हे त्यांच्या हाती लागलं. एरवी हीच अक्कल कुठं चांगल्या कामाला लागली असती, असं मला वाटत राहतं.

नाक्यावरच्या गोष्टीनं तर कळसच केला. नळदुर्गाच्या बाजूला एका विहिरीचं काम होतं. दिवस तंग, बारूद म्हटलं की पोलिसांचे कान टवकारलेले. नाक्यावरच्या जमादारानं 'रुको' म्हणून आवाज दिला. टोळी जागच्या जागी थिजली. महालिंगप्पा मात्र चालतच राहिले, कारण त्यांना ऐकूच आलं नव्हतं. जमादार पळत जाऊन त्यांच्यापुढं उभा राहिला आणि बोलत सुटला. महालिंगप्पांना उर्दूचे ओठ वाचता येत नसत. ते नुसते त्याच्याकडं बघत राहिले. इतक्या शांतपणे बघणाऱ्या माणसाच्या मागं कुणीतरी मोठं असणार, असं त्याला वाटलं असावं. त्यानं आवाज खाली आणला, परवाना बघितला आणि जाऊ दिलं. त्या दिवसापासून आमचा मुकादम जमादारालाही भीक घालत नाही, असं टोळी गावोगाव सांगत फिरली. पुढच्याच महिन्यात परवाना त्यांच्या नावावर झाला.

आता टोळीच्या सगळ्यात मोठ्या नियमाबद्दल सांगते. भोकं किती भरली ते माहीत असायचं. वाती लावून माणूस वर आला की सगळे लांब उभे राहून बार मोजत. जितकी भोकं तितके बार व्हायला हवेत. एक जरी कमी झाला, तरी त्या दिवशी विहिरीत कुणी उतरायचं नाही. न उडालेल्या भोकात वात धुमसत असते, ती कधी पेट घेईल सांगता येत नाही. रात्र जाऊ द्यायची, सकाळी जाऊन भोकात पाणी ओतायचं आणि मगच पहारीला हात लावायचा. मोजणी सगळेच करत, पण बोलायचं मुकादमानं. मुकादम हाताची बोटं वर करून आकडा दाखवी, आणि तो शेवटचा.

बहिरा माणूस बार कसे मोजणार? महालिंगप्पा पायांनी मोजत. वहाणा काढून उघड्या पायांनी जमिनीवर उभे राहत. प्रत्येक बाराचा हादरा तळव्यातून गुडघ्यापर्यंत येई. मुकादम भुईला मान देतात म्हणून अनवाणी उभे राहतात, असं लोक म्हणत. मग बाकीचेही वहाणा काढायला लागले. हसावं की रडावं कळत नाही.

पायांनी त्यांना कधी दगा दिला नाही. निदान त्यांना तसं वाटे. सोमलिंग नेहमी त्यांच्या समोर येऊन उभा राही आणि एकेका बाराला मांडीशी टेकवलेल्या त्याच्या हाताचं एकेक बोट मिटत जाई. ते त्यांना रोज दिसत होतं. भावाची खोड आहे, असं ते समजत होते.

अठ्ठेचाळीसच्या वैशाखात बेंबळीतच द्वारकाबाईंच्या विहिरीचं काम निघालं. द्वारकाबाईंकडं पुष्कळ जमीन होती आणि नवरा गेल्यावर कारभार त्यांनीच ओढला होता. आदल्या संध्याकाळी खडकातून पाण्याचा पाझर दिसला होता. आज बार उडाले की झरा मोकळा होणार, म्हणून बाई स्वतः नारळ घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मागं त्यांचे गडी, गड्यांच्या बायका, निम्मा गाव. विहिरीला पाणी लागताना बघायला कोण येत नाही?

पाच भोकं भरली होती. सोमलिंगनं वाती पेटवल्या आणि दोराला धरून वर आला. एरवी तो सरळ भावासमोर जाऊन उभा राहायचा. त्या दिवशी मधे द्वारकाबाई आणि त्यांचा गोतावळा होता. तो पलीकडंच राहिला.

बार व्हायला लागले. एक, दोन, तीन, जरा थांबून चार. मग विहिरीच्या बाजूचा एक मोठा ठोकळा सुटला आणि खाली जाऊन आदळला. ज्यांना कान होते त्या सगळ्यांना ते कळलं. बाराचा आवाज वेगळा आणि दगड पडल्याचा वेगळा, हे गावातलं पोरही सांगेल. पण पायांना तो फरक कळत नाही. महालिंगप्पांच्या तळव्यातून पाचवा हादरा गेला. त्यांनी पंजा उघडून हात वर केला.

त्या वेळी टोळी काय करत होती? तेच, जे महालिंगप्पांनी त्यांना दोन वर्षं शिकवलं होतं. ते त्यांच्या तोंडाकडं बघत होते. प्रत्येकानं चार ऐकले होते आणि प्रत्येकाला वाटलं, माझाच एक सुटला असेल. मुकादमाचा आकडा कधी चुकला नव्हता. आणि चुकला असला, तरी द्वारकाबाईंच्या आणि गावाच्या देखत ते तोंडावर सांगणार कोण? आजोबाही तिथंच होते. त्या दिवशी खाली उतरायची पाळी त्यांची होती. त्यांनी दोर हातात घेतला. हे मी पुन्हा सांगते, त्यांनीही चार ऐकले होते, आणि तरी दोर हातात घेतला. कुणी इतकं कुणाचं ऐकावं का?

तेवढ्यात सोमलिंग गर्दीतून वाट काढत आला. त्यानं आजोबांच्या हातातून दोर घेतला.

"बब्रुवान, तू ऱ्हा. म्या जातो."

महादेवी भाकरीची पाटी काखेत आणि पाण्याची कळशी डोक्यावर घेऊन नुकतीच बांधावर आली होती. सोमलिंग तिच्याकडं गेला, डोक्यावरची कळशी उतरवून घेतली, तिला काहीतरी पुटपुटला आणि कळशीसकट विहिरीत उतरला. तहान लागली असेल, असं लोक म्हणाले. तहान लागलेला माणूस बांधावर पाणी पितो, कळशी घेऊन विहिरीत उतरत नाही. आजोबांनी कळशी पाहिली होती. उतरताना ती कडेला लागून वाजली, तेही त्यांनी ऐकलं होतं. ते गप्प राहिले.

पाचवा बार सोमलिंग खाली पोचल्यावर झाला.

आम्ही लिंगायत नाही, पण त्यांच्यात माणसाला बसवून माती देतात हे मला माहीत आहे. सोमलिंगाला बसवता येईल असं काही उरलं नव्हतं. जंगम पुरोहितांनी जमेल तसं सगळं केलं. महालिंगप्पा त्या वेळी रडले नाहीत. केवढं काळीज आहे, असं लोक आपसात बोलले. त्यांच्या डोक्यात फक्त एक गोष्ट फिरत होती. पाच हादरे झाले होते. आपण स्वतः मोजले होते. मग हा सहावा कुठून आला?

तिसऱ्या दिवशी टोळी त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. नेहमीसारखा अर्धगोल झाला. महालिंगप्पा भिंतीला पाठ लावून बसले होते. मग ते बोलले. इतकं लांबलचक ते टोळीपुढं कधीच बोलले नव्हते. म्हणाले, मला ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली. बार मी पायांनी मोजत होतो. तुमच्यातल्या कुणालाही खाली उतरवायचा मला हक्क नव्हता. त्या दिवशी माझ्याकडून काय चुकलं ते मला सांगा.

टोळीतला शिवशरण जुना माणूस. तो हात जोडून म्हणाला की मुकादम, दुःखात माणूस काहीबाही बोलतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांनी खरोखरच विश्वास ठेवला नाही. जमादाराला न भिणारा, प्रत्येकाचं ऐकून घेणारा आपला मुकादम बहिरा कसा असेल? आणि तो बहिरा असेल, तर दोन वर्षं आपण कुणाच्या शब्दावर विहिरीत उतरत होतो? हे मान्य करण्यापेक्षा न ऐकलेलं बरं.

मग महालिंगप्पांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. किती ऐकले? 'पाच' म्हणताना ओठ मिटतात. 'चार' म्हणताना ते मिटत नाहीत. एवढा फरक त्यांना डोळ्यांनी कळत होता, आणि ते प्रत्येकाच्या तोंडाकडं आशेनं बघत होते. शिवशरणचे ओठ मिटले. त्याच्या शेजारच्याचे मिटले. पुढच्याचे मिटले. शेवटी आमच्या आजोबांची पाळी आली.

"बब्रुवान, तू तर जाणार हुतास. तू सांग. किती?"

आजोबांनी मान वर केली नाही. ओठ दिसावेत म्हणून महालिंगप्पांनी त्यांची हनुवटी धरून वर केली.

"पाचच, मुकादम," आजोबा म्हणाले. मरेपर्यंत ते पाचच म्हणत राहिले. नातवंडांच्या गराड्यात, पोटभर जेवून, चांगले म्हातारे होऊन गेले.

महालिंगप्पा उठून आत गेले. मधल्या दारात महादेवी उभी होती. रीतीप्रमाणं तिनं आड व्हायला हवं होतं. ती झाली नाही. कपाळावरचा पदर तिनं मागं सारला आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच थोरल्या दिराच्या समोर, उजेडात येऊन उभी राहिली. त्यांना तोंड दिसावं म्हणून. आता त्यांनी न विचारताच ती म्हणाली. एकच शब्द. तिचे ओठ मिटले नाहीत.

महालिंगप्पांनी दाराची चौकट धरली. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत राहिली.

"तुमचं कान गेल्यालं मला ठावं हुतं. ह्यांलाबी ठावं हुतं, पयल्यापासनं. म्हनूनच रोज समोर उभारून बोटं मिटायचे."

तिनं श्वास घेतला.

"कळशी घेताना मला बोलले, एक ऱ्हायलाय, गप ऱ्हा. पानी वततो आन् वर येतो. दादाला चार लोकांत खाली बघाया लावू नगं. म्या गप ऱ्हायले. तुमच्यापुढं कसं बोलावं, म्हनून म्याबी गप ऱ्हायले."

आणि मग महालिंगप्पा रडले. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं, त्यामुळं ते रडणं वेशीपर्यंत ऐकू गेलं, असं गावातले लोक अजून सांगतात. महादेवी त्यांच्याजवळ खाली बसली. तिला रडायला आवाजच उरला नव्हता.

ओट्यावरची माणसं उठली नाहीत. कुणी आत गेलं नाही. मुकादमाचं रडणं थांबायची वाट बघत ती तशीच बसून राहिली, कारण द्वारकाबाईंची विहीर अर्धी होती आणि उद्या कामावर जायचं की नाही, ते मुकादम बाहेर येऊन सांगणार होते.